करपलेल्या कडा

मुअतसिमचा निरोप आला तेव्हा रिहाब दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवी पडली होती आणि तिचा अर्धा चेहरा तिचा राहिला नव्हता. इंजेक्शन देऊन डॉक्टर बाहेर कुणाशी तरी गाडी लावण्यावरून हुज्जत घालत होते. तिनं जिभेनं गाल चाचपून बघितला तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. पोटावर ठेवलेला फोन थरथरला. ‘जागा मिळाली. खाणंपण मिळालं. दोन्ही एकाच माणसाकडून! आता तरी हस, ताई.’ ती हसली असावी, निदान उजव्या बाजूनं. लगोलग दुसरा निरोप आला. ‘अबू कुतैबाची बेकरी, युनिव्हर्सिटी रोडवरची. वरचा मजला रिकामा आहे. रोट्या, चहा, सगळं त्यांच्याकडून. अट एकच, त्यांचं नाव कुठं लावायचं नाही. असा स्पॉन्सर बघितलायस कधी? आज संध्याकाळी तुला जागा बघायला बोलावलंय.’ डॉक्टर आत आले, दिवा तिच्या तोंडावर ओढला आणि म्हणाले, “जबडा सैल सोडा. अहो, सैल सोडा म्हणतोय मी, आणि तुम्ही आवळताय कशाला?”

मुअतसिमला दोष देण्यात अर्थ नव्हता. तो दूर दक्षिणेतल्या मआनहून नोकरीसाठी या शहरात, इर्बिदला येऊन जेमतेम अर्धं वर्ष झालं होतं. गुरुवारच्या बैठकीला तो पहिल्यांदा आला तेव्हा बैठक बेघर होऊन कुणाकुणाच्या घरी भरत होती, आणि ती बेघर का झाली हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी रिहाब म्हणजे कमी बोलणारी, कोड चांगला लिहिणारी, दर गुरुवारी शहरातल्या प्रोग्रामर पोरापोरींना एकत्र आणणारी एक थोरली बाई. गेले दोन महिने तो तिच्याबरोबर वणवण फिरला होता. मोबाइल कंपनीवाल्यांनी एक सूट घातलेला माणूस पाठवला. जागा देतो म्हणाला, पण अर्धा वेळ भाषण आमचं, भिंतीभर फलक आमचा, आणि तुमची मुलं फोन किती वर्षांनी बदलतात ते आधी सांगा. युनिव्हर्सिटीत हॉल होता, पण त्याला डीनची सही, सुरक्षावाल्यांची सही, आणि तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलेला प्रश्न, “कोड म्हणजे नेमका कसला कोड?” पिझ्झावाला तर उठून उभाच राहिला होता. “तुमचा शब्द माझ्या डोळ्यांवर! तुम्ही मागायचं आणि मी नाही म्हणायचं? दुकान तुमचंच समजा.” मुअतसिम बाहेर येऊन नाचायचाच बाकी होता. रिहाबनं त्याला सांगितलं, मिळणार नाही. या गावात तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. हो किती गोड आहे त्यावरून नाही ओळखायचं असतं. पिझ्झावाल्यानं पुढं एकदाही फोन उचलला नाही. मागच्या दोन महिन्यांत बैठक झालीच नाही. या गुरुवारी राजधानीतून, अम्मानहून एक बाई बोलायला यायची होती, आणि रिहाबनं मनाशी ठरवलं होतं की हाही गुरुवार चुकला तर पुढं ओढायचं नाही, सरळ सगळ्यांना बैठक बंद म्हणून कळवून टाकायचं. पोरं दुसरीकडं जमतील किंवा जमणार नाहीत. तसंही त्यातली निम्मी आखातात जायच्या वाटेवर होती. हे सगळं तिनं स्वतःला फार शहाणपणानं सांगितलं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही तिला पटलेलं नव्हतं.

कारण ती बैठक तिची नव्हतीच. ती अबू रिहाबची होती. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून गल्लीनं आधी चेष्टेनं त्याला पोरीच्या नावानं अबू रिहाब, रिहाबचा बाप, म्हणायला सुरुवात केली, आणि त्यानं ते नाव इतक्या ऐटीत घेतलं की चेष्टा करणाऱ्यांचीच पंचाईत झाली. युनिव्हर्सिटी रोडवर एका ओळीत नेट कॅफे होते त्या काळात त्याचाही एक होता, शेवटून दुसरा. बाकीचे घड्याळ लावून बसायचे. हा कुणी पोरगं काही शिकताना दिसलं की घड्याळाकडं पाठ करायचा. “तुझा वेळ संपला ते मला दिसलंच नाही,” म्हणायचा, “मी चहा करत होतो.” रिहाब शाळेतून थेट तिथंच येई. कोपऱ्यातल्या यंत्राच्या पंख्याची घरघर, सिगारेटचा वास, कीबोर्डातले बिस्किटांचे चुरे, आणि पडद्यावर तिनं लिहिलेली पहिली ओळ चालली तेव्हा बापानं सगळ्या कॅफेला उठवून दाखवलेली ती ओळ. त्याला त्यातलं काडीचंही कळत नसे. पुढं सगळ्यांच्या खिशात फोन आले, ओळीतले कॅफे एकेक करून बंद पडले, तिथं फोनची कव्हरं आणि शावर्मा विकायला लागले. यानं मात्र दुकान धरून ठेवलं. गिऱ्हाईक नव्हतंच, तेव्हा रिहाब म्हणाली, बाबा, गुरुवारी आमच्यासारख्यांना इथं बसू द्या. बसू द्या कसलं? त्यानं खुर्च्या पुसून ठेवल्या. आणि दर गुरुवारी सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजानंतर तो रस्ता ओलांडून समोरच्या अबू कुतैबाच्या भट्टीवरून झातर, म्हणजे ओव्यासारख्या पाल्याची आणि तिळाची पूड, घातलेल्या गरम रोट्या घेऊन यायचा, कागदात गुंडाळून, कागदाला तेल सुटलेलं. जागाही त्याची, खाणंही त्याचं. तेव्हा त्याला स्पॉन्सर म्हणतात हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मागच्या वर्षी रमजानच्या आधीच्या गुरुवारी तो असाच गेला. बेकरीची गाडी मागं घेतली जात होती आणि ती अबू कुतैबाचा मुलगा कुतैबा चालवत होता. लोक नंतर पुन्हापुन्हा म्हणाले, गाडी माणसाच्या चालीनं जात होती. जणू त्यात काही दिलासा होता. धक्का लागून बाप पडला आणि पदपथाच्या कडेवर डोकं आपटून जागीच गेला. रिहाब त्या वेळी आत कुणाच्या तरी प्रोग्राममधली चूक शोधत होती, ती सापडली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबल्यावरही बाहेरचा आवाज थांबला नाही. तिला अजून टाळ्या सहन होत नाहीत. अम्मानच्या एका कार्यक्रमात सगळे टाळ्या वाजवायला लागले तेव्हा ती उठून नळाखाली हात धरून उभी राहिली होती.

त्यानंतर जे झालं ते सगळं रीतीनं झालं. अबू कुतैबा गावातली चार मोठी माणसं पुढं घालून माफी मागायला दारात आला. खाली दिवाणखान्यात पुरुष, वर बायका. वरून काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं, आणि रिहाबला प्रत्येक आवाजाचा अर्थ लहानपणापासून पाठ होता. कॉफी ओतली गेली. आलेल्यांनी पेले हातात घेऊन तसेच समोर ठेवून दिले. मागणं मान्य झाल्याशिवाय प्यायचं नसतं. भरलेला पेला म्हणजे गोष्ट अजून मिटलेली नाही. मग कुणीतरी म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजात बोललं. बापाचं नाव आलं, अल्लाचं आलं. मग शांतता. त्या शांततेत वर बसलेली आई जमिनीकडं बघत गालिच्याचा एकच धागा ओढत होती. रिहाबला वाटलं, आता कुणीतरी जिना चढून वर येईल. विचारेल. निदान दाराशी खोकेल. खालून मोठ्या काकांचा आवाज आला, “कॉफी प्या. भरपाईची एक दमडी नको. अल्लासाठी माफ केलं.” आणि मग पेले उचलल्याचा, घोट घेतल्याचा, मोठ्ठा सुटकेचा आवाज. सगळ्या गावानं काकांची तारीफ केली. पोलिसांत प्रकरण गेलं नाही, दोन घरांत वैर राहिलं नाही. रिहाबलाही डोक्यानं कळत होतं की याहून चांगलं काही होण्यासारखं नव्हतं. एवढंच की तिच्या बापाचं मरण तिला न विचारता माफ करून टाकलं गेलं होतं. काकांनी दुकानही मग शावर्मावाल्याला दिलं. तिच्याजवळ उरला राग. तो तिनं कुणाला दाखवला नाही. रोज एकदा काढून बघायची, आहे ना जागेवर, आणि परत ठेवून द्यायची. बापाच्या वस्तूंपैकी तेवढी एकच कुणी वाटून नेली नव्हती.

डॉक्टरांनी दात भरून दिला आणि बजावलं, “बधिरपणा उतरेपर्यंत गरम काही घेऊ नका. कळायचं नाही आणि तोंड पोळून बसाल.” रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की हे फार सोयीचं आहे. जायचं, जागा बघायची, आणि त्यानं कॉफी पुढं केली की गालाला हात लावून दाखवायचा. कुणाचा अपमान नाही, काही नाही. पण चार पावलं गेल्यावर तिला त्या सोयीचाच राग आला. अपमान होऊ नये असं तिला कुठं वाटत होतं? गेलं वर्षभर ती घरची भाकर लांबच्या बेकरीतून आणत होती ती काय तिथली चांगली असते म्हणून? मग जायचंच कशाला? मुअतसिमला फोन करून सांगायचं, नको, दुसरं बघ. तो विचारणार, का? आणि ती सांगणार. त्याचं तोंड पडणार, तो माफी मागत सुटणार, आणि त्या माफ्या तिलाच आवराव्या लागणार. तसंही दुसरी जागा नव्हतीच. हा गुरुवार, नाहीतर मग काहीच नाही. बापानं पुसून ठेवलेल्या खुर्च्या आणि बापाला ज्यानं नेलं त्याचं घर, यांतलं एक धरलं तर दुसरं येतंय अशी ही गाठ होती, आणि कुठल्या टोकानं ओढावं ते तिला समजत नव्हतं.

तिनं आईला फोन लावला. का लावला ते तिलाही कळलं नाही.

“तोंडात काय कोंबलंयस? नीट बोल,” आई म्हणाली.

“दाताचं इंजेक्शन आहे. ऐक ना. अबू कुतैबानं गुरुवारसाठी जागा देऊ केलीय. रोट्यापण.”

पलीकडं नळ बंद झाला. आई म्हणाली, “तुझ्या बापाला त्याचीच रोटी आवडायची. माझी कधी आवडली नाही मेल्याला.” आणि हसू आल्यासारखा काहीतरी आवाज केला. “जातेयस?”

“तू सांग.”

“मला कुणी कधी विचारलंय, आता तू विचारतेयस ते? जा. पोरं बिचारी कुठं बसतील. पण रिहाब, त्याची कॉफी पिऊ नकोस. तुझ्या काकानं प्यायला सांगितलं, मी नव्हतं सांगितलं.”

“नाही पिणार.”

“आणि येताना लिंबं आण,” आई म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

युनिव्हर्सिटी रोडवर ऊन उतरलं होतं. बापाच्या दुकानाच्या जागी मांसाचा खांब फिरत होता आणि त्याच्यासमोर विद्यार्थ्यांची रांग होती. रिहाबनं तिकडं बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे काय, रांगेतल्या शेवटच्या मुलाच्या पायातले बूटसुद्धा तिला दिसले. मग रस्ता ओलांडायचा होता. वर्षभर तिनं हा रस्ता या ठिकाणी ओलांडला नव्हता. पुढच्या चौकात जाऊन, वळसा घालून यायची. आता ती पदपथाच्या कडेशी उभी राहिली आणि तिला वाटलं, इतका अरुंद? एवढासा रस्ता ओलांडायला बापाला जमलं नाही? दर गुरुवारी तो इथूनच जात असे, हात पाठीमागं बांधून, गाड्यांना वाट द्यायला लावत. कडेला एक सिमेंटचा कठडा होता, तो कुणीतरी पाणी मारून धुतला होता. रोजचंच धुणं असेल. तिला कुठलीही खूण दिसली नाही, आणि खूण दिसली नाही याचं दुःख झालं. भट्टीचा वास आला. झातर, तीळ, पीठ जळल्याचा किंचित कडवट वास. अर्ध्या तोंडाला काही कळत नव्हतं, पण नाकाला सगळं कळत होतं, आणि त्या वासाबरोबर पोटात भूक उठली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. या वासानं भूक लागावी याची तिला लाज वाटली.

अबू कुतैबा दाराशीच उभा होता. म्हातारा झाला होता. पूर्वी त्याचे हात खांद्यापर्यंत पिठात असायचे आणि आवाज रस्त्यापलीकडं पोचायचा. लहानपणी ती त्याला काका म्हणायची. वर्षभरात भेट झाली नव्हती, त्यामुळं काय म्हणायचं हा प्रश्नही आला नव्हता. आता ती म्हणाली, “सलाम, हाजी.”

त्याला ते लागलं असेल, पण त्यानं फक्त बाजूला होऊन वाट दिली. “ये पोरी. वर जाऊ. जिना जरा उभा आहे.”

वरचा मजला एका मोठ्या खोलीचा होता. नवा चुना, रस्त्याच्या बाजूला रुंद खिडकी, आणि खाली भट्टी असल्यामुळं फरशी ऊबदार. ही जागा त्यानं मुलाच्या संसारासाठी बांधायला काढली होती हे रिहाबला बापाकडून माहीत होतं. पडदी भिंती घालायच्या राहून गेल्या होत्या. पण तिच्या डोळ्यांत भरलं ते दुसरंच. तिन्ही भिंतींना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, विजेचे नवे सॉकेट बसवले होते. एकाला लागून एक, लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याच्या हाताला येतील असे. चुन्यावर अजून सुताराच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

“तुझ्या बापाच्या दुकानात पोरं वायरींसाठी भांडायची,” तो तिच्या नजरेच्या रोखानं बघत म्हणाला. “मला इथून दिसायचं. खिडकीपाशीची सगळी एकाच ठिकाणी गोळा झालेली. मी म्हणायचो, अरे अबू रिहाबा, दोन सॉकेट तरी वाढव. तर म्हणायचा, भांडू दे, भांडताना ओळखी होतात.”

बाप असं म्हणाला असेल. नक्की म्हणाला असेल. रिहाबनं खिडकीशी जाऊन बघितलं. समोर तो खांब फिरत होता. म्हणजे हा माणूस इथं उभा राहून इतकी वर्षं त्यांना बघत होता, तिला, पोरांना, चहा करणाऱ्या तिच्या बापाला. आणि वर्षभर या खांबाला. तिनं स्वतःला बजावलं, कामाचं बोल.

“पस्तीसेक जण असतील,” ती म्हणाली. शब्द एका बाजूनं घसरत होते. “अम्मानच्या बाई बोलतील, मग पोरं आपापलं काम दाखवतील. फलक वगैरे...”

“फलक नको. मी त्या पोराला सांगितलंय. नाव नको.”

“का नको?” तिनं विचारलं, आणि तिचा आवाज तिला वाटला त्याहून कठोर आला. “सगळ्यांना हवं असतं. चार रोट्यांच्या बदल्यात भिंतभर नाव.”

जमिनीवर दोन गाद्या टाकल्या होत्या, त्यांच्याकडं त्यानं हात केला. ती बसली. तो गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, समोर बसला आणि थर्मास पुढं ओढला. त्यानं कॉफी ओतली. वेलदोड्याचा वास आला. कान नसलेला छोटा पेला त्यानं उजव्या हातानं तिच्याकडं केला. तिनं तो घेतला, कारण न घेणं म्हणजे भांडण, आणि दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवून दिला.

गालाला हात लावायची हीच वेळ होती. तिनं लावला नाही. तो पेल्याकडं बघत राहिला. त्याला कळलं हे तिला कळलं, आणि वर्षभर जे दुखत होतं ते क्षणभर थांबलं. बरं वाटलं. हो, बरंच वाटलं, त्यात खोटं कशाला. मग त्यानं स्वतःसाठी पेला भरला.

“कुतैबा आता गाडीला हात लावत नाही,” तो म्हणाला. “सगळीकडं चालत जातो. लग्नाचं विचारलं की उठून जातो. मी हे तुला सांगायला नको होतं. तुझ्यासमोर आमचं रडगाणं कशाला.”

“मग सांगू नका.”

“नाही सांगत.”

खाली भट्टीचं दार उघडल्याचा, मोठं फावडं आत सरकल्याचा आवाज आला. रिहाबला उठावंसं वाटत होतं. काम झालं होतं. गुरुवारी सहा वाजता, खुर्च्या मुअतसिम आणेल, रोट्या... रोट्यांचं मात्र ठरायचं होतं. “झातरच्याच द्या,” ती म्हणाली. “थोड्या चीजच्या. आणि एक सांगू का हाजी, रागावू नका. करपलेल्या देऊ नका. बाबांना तुम्ही दर वेळी करपलेल्याच बांधून द्यायचात. ते भोळे होते म्हणून काही बोलले नाहीत. आम्ही घरी हसायचो, बाबांना कुणीही काहीही खपवतं म्हणून.”

म्हातारा तिच्याकडं बघतच राहिला. “मी खपवायचो?”

“मग? दर गुरुवारी वरच्या दोन-चार रोट्यांच्या कडा कोळसा झालेल्या. आणि त्याच माझ्या ताटलीत.”

“अगं पोरी,” तो म्हणाला, आणि गेल्या वर्षभरात दबलेला त्याचा जुना, रस्त्यापलीकडं जाणारा आवाज एकदम बाहेर आला, “अगं, तो भट्टीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा! मी रोटी काढायला गेलो की हात धरायचा माझा. ‘थांब, थांब, आणखी राहू दे.’ मी म्हणायचो, जळतेय रे बाबा, लोक म्हणतील अबू कुतैबाला भाजता येत नाही. तर म्हणायचा, ‘गप्प बस, माझ्या पोरीला करपलेल्या कडा आवडतात. लहानपणी तिनं सांगितलंय मला.’ वीस वर्षं माझ्या भट्टीचं नाव घालवलं त्यानं तुझ्यापायी!”

आणि मग रिहाबला ते आठवलं, कुठून तरी खूप खालून. कॅफेतल्या उंच स्टुलावर ती बसलेली, पाय जमिनीला पोचत नाहीत इतकी लहान. बापानं कागद उलगडला आणि त्याचा चेहरा पडला, कारण रोट्या जळल्या होत्या. येताना कुणाशी तरी बोलत बसला असेल, किंवा भट्टीवर कुणाचं लक्ष नसेल. त्याचा तो पडलेला चेहरा तिला बघवला नाही. म्हणून ती म्हणाली होती, ‘बाबा, मला अशाच आवडतात. कडा कुरकुरीत लागतात.’ एवढंच. एकदा. त्याला बरं वाटावं म्हणून. आणि त्यानं ते आयुष्यभर धरून ठेवलं, आणि तिनं आयुष्यभर कडवट कडा चावल्या, बापाला वाईट वाटू नये म्हणून, आणि बाप भट्टीपाशी उभा राहून दुसऱ्याचा हात धरत राहिला, पोरीला बरं वाटावं म्हणून. वीस वर्षं. दोघांनाही करपलेली रोटी आवडत नव्हती.

ती हसायला लागली. अर्ध्याच तोंडानं, ओठ वाकडा होऊन, हसू आवरेना. “मला नाही आवडत,” ती म्हणाली, “मला कधीच नाही आवडली, ते मी त्यांना उगीच...” आणि तोही हसायला लागला, आधी घाबरत, मग पोट धरून, डोळ्यांतलं पाणी पिठाळ मनगटानं पुसत. “म्हणजे माझी भट्टी फुकटच...” “फुकटच!” हसता हसता तिचा घसा कोरडा पडला, ठसका लागला, आणि तिनं समोरचा पेला उचलून तोंडाला लावला.

कॉफी अजून कोमट होती. कडू. ती आधी उजव्या बाजूला लागली आणि मग, हळूहळू, डाव्याही. ओठाला मुंग्या आल्या. तिचा गाल परत तिचा होत होता. तेव्हा तिला कळलं की आपण काय केलं.

पेला रिकामा होता. तळाशी थोडा गाळ. म्हातारा हसायचा थांबला होता, पण त्यानं पेल्याकडं बघितलं नाही. तो गादीची शिवण चाचपत बसला. रिहाबनं छातीत राग शोधला. रोजच्या जागेवर हात घालून बघितला. तिथं बाप उभा होता, भट्टीच्या तोंडाशी, कुणाचा तरी हात धरून, आणि राग नव्हता. एवढ्या दिवसांनी तिला एकदम भीती वाटली. राग होता तोवर काहीतरी मिटायचं शिल्लक होतं, आणि शिल्लक होतं तोवर तो पूर्ण गेलेला नव्हता. आईला काय सांगू? हसताना प्यायले म्हणून सांगू?

मग तिला त्याचा पेला दिसला. काठोकाठ भरलेला, फरशीवर, त्याच्या गुडघ्यापाशी. त्यानं तो ओतून तसाच ठेवला होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कॉफीसमोर, यजमान असून, तो मागायला आलेल्या माणसासारखा बसला होता. ती आली तेव्हापासून.

“तुम्ही घेतली नाहीत,” ती म्हणाली.

“त्या दिवशी तुमच्या घरी घेतली,” तो खाली बघत म्हणाला. “तुझ्या काकांनी सांगितलं, सगळे प्यायले, मीही प्यायलो. तू आणि तुझी आई वर होतात. मला माहीत होतं तुम्ही वर आहात. तो घोट काही खाली उतरला नाही, पोरी. राहू दे तो पेला. तुझ्यावर जबरदस्ती नाही. जागा तुझीच आहे, तू काहीही म्हटलंस तरी.”

तिला बोलायचं होतं. माफीचे शब्द ठरलेले होते, लहान मुलालाही येतात असे. पण ते काकांनी वापरून टाकले होते, आणि तिच्या तोंडात दुसरे नव्हते. ती उठली. पर्स घेतली. जिन्यापर्यंत गेली. खालून ऊब आणि वास वर येत होता, बाहेर कुणी तरी हॉर्न वाजवत होतं, आणि आईनं लिंबं आणायला सांगितली होती. कठड्यावर हात ठेवून तिनं मागं बघितलं. तो तसाच बसला होता. तिच्या बापाला रस्त्यापलीकडून रोज बघितलेला शेवटचा माणूस. हा मेला की भट्टीपाशी उभा राहिलेला अबू रिहाब कुणालाच आठवणार नाही.

ती परत आली. त्याच्या गुडघ्यापाशी वाकून तिनं पेला उचलला. गार झाला होता. गार कॉफी कुणी पीत नाही. कोपऱ्यात भिंतींच्या कामासाठी ठेवलेली बादली होती, तिच्यात तिनं तो ओतून टाकला, पदरानं पुसावा तसा डोक्यावरच्या ओढणीच्या टोकानं आतून पुसला, आणि थर्मासमधून गरम कॉफी भरली. मग पेला त्याच्यासमोर ठेवला आणि आपल्या गादीवर बसली. आता तिला रडू आलं. बापासाठी ती वर्षभर रडली होती, पण ते रडणं भांडल्यासारखं होतं. हे साधं होतं. तो गेला होता, एवढंच त्यात होतं.

“काका,” ती म्हणाली, “गुरुवारी थोड्या करपू द्या.”

त्यानं मान डोलावली. मग दोन्ही हातांनी पेला उचलला, आणि तो पीत असेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.